नफ्यातलं दुकान, पण शटर कायमचं खाली

परवाच्या व्हिडिओत जपानचा विषय निघाला आणि वेळ संपली, म्हणून उरलेलं इथे लिहितोय. थोडं लांबलंय, चहा घेऊन बसा.

आम्हा ट्रेनर लोकांची एक ठरलेली स्लाइड असते. जपान म्हटलं की कायझेन, फाइव्ह एस, आणि मग ‘बघा, तिथे शंभर वर्षांपेक्षा जुन्या तीस हजारांवर कंपन्या आहेत!’ माझ्याही बॅचमध्ये ती स्लाइड होती. त्यात ओसाकाच्या ‘कोंगो गुमी’चा फोटो. मंदिरं बांधणारी कंपनी, स्थापना इ. स. ५७८. समोर बसलेला किराणावाला, मोबाइल रिपेअरवाला, सगळे ‘वा!’ करायचे. मलाही छान वाटायचं.

त्या स्लाइडवर दोन गोष्टी मी कधी टाकल्या नव्हत्या. एक, २००६ साली कोंगो गुमीचा कारभार दुसऱ्या मोठ्या बांधकाम समूहाकडे गेला. जमिनीचे भाव चढते होते तेव्हा घेतलेल्या मालमत्ता आणि त्यावरचं कर्ज डोईजड झालं. चौदाशे वर्षं एका घराण्याने चालवलेला धंदा कर्जापायी हातातून गेला. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्या देशात शंभर वर्षांची दुकानं सगळ्यात जास्त, त्याच देशात आज चालती दुकानं हजारोंनी बंद होतायत, आणि त्यांतली निम्मी तोट्यात नाहीत.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं छपाईची चूक असेल. मग टोकियो शोको रिसर्च या पत-माहिती संस्थेचे आकडे पाहिले. २०२४ मध्ये जपानमध्ये दिवाळं निघालेल्या कंपन्या साधारण १० हजार. ज्यांनी आपणहून कारभार गुंडाळला त्या ६२ हजारांच्या वर. म्हणजे बुडणाऱ्यांच्या सहापट लोक स्वतःच शटर खाली ओढतायत. आणि त्यांच्यापैकी अर्ध्याहून थोड्या जास्त कंपन्या शेवटच्या हिशेबात नफ्यात होत्या. जपानी लोकांनी त्याला नावच दिलंय, ‘कुरोजी हाइग्यो’. कुरोजी म्हणजे काळी अक्षरं. नफा काळ्या शाईत, तोटा लाल शाईत, त्यावरून. काळ्या शाईत असताना धंदा बंद.

जपानच्या अडचणी म्हटल्या की आपण म्हातारी लोकसंख्या, अतिकाम, एकटेपणा एवढंच ऐकतो. गल्ल्यावर बसणारं कोणी उरलं नाही ही अडचण बातम्यांत फारशी येत नाही. आपण गल्ल्यावर बसणारी माणसं, म्हणून मला ती टोचली.

न दुखणाऱ्या सुईची गोष्ट

एक उदाहरण घेतो. टोकियोच्या सुमिदा भागात ‘ओकानो कोग्यो’ नावाचा छोटासा कारखाना. पाच-सहा माणसं. मालक मासायुकी ओकानो, पत्र्याला दाबून आकार देण्यात उस्ताद. तेरुमो ही वैद्यकीय साहित्याची मोठी कंपनी इन्सुलिनसाठी इतकी बारीक सुई शोधत होती की टोचलेलं कळू नये. नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे नळी ओढून बारीक करत जाणं, हे जमत नव्हतं. अनेकांनी हात वर केले. ओकानोंनी पातळ पत्रा गुंडाळून टोकाकडे निमुळती होत जाणारी नळी बनवली. टोकाची बाहेरची जाडी ०.२ मिलिमीटर. २००५ मध्ये ती सुई बाजारात आली आणि त्याच वर्षी जपानचा गुड डिझाइनचा सर्वोच्च पुरस्कार तिला मिळाला. घरी कोणी मधुमेही असेल तर रोज टोचून घेणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको.

आता अशा माणसाच्या कारखान्यासमोर वारसांची रांग लागायला हवी ना? २०१७ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या पुढे, ओकानो कारखाना बंद करायच्या तयारीत असल्याची बातमी निक्केई या अर्थविषयक वृत्तपत्राने दिली. ऑर्डर होत्या, नफा होता, नाव होतं. दोन मुली होत्या, पण कारखाना पुढे चालवणारं कोणी नव्हतं.

त्याच सुमाराला जपान सरकारनेही हिशेब मांडला होता. २०२५ पर्यंत छोट्या-मध्यम उद्योगांचे सत्तरी गाठलेले मालक सुमारे २४.५ लाख होतील, आणि त्यातल्या निम्म्यांकडे, १२.७ लाखांकडे, वारस ठरलेला नाही. असंच चालू राहिलं तर दहा वर्षांत एकूण ६५ लाख रोजगार आणि २२ लाख कोटी येनचं उत्पन्न जाईल. टोयोटा, सोनी ही नावं आपल्या तोंडात असतात, पण तिथल्या ९९.७ टक्के कंपन्या छोट्या आणि मध्यमच आहेत. टोयोटाला सुटा भाग पुरवणाऱ्याला भाग पुरवणारा, त्यालाही भाग पुरवणारा कुठेतरी असा एक ओकानो बसलेला असतो.

मुलगा का बसत नाही?

आपल्याकडे लगेच उत्तर येतं, ‘आजकालच्या पोरांना कष्ट नकोत.’ जपानमध्येही म्हातारी मंडळी असंच म्हणत असतील. पण नीट बघितलं तर बापानेच मुलाला सांगितलेलं असतं की तू यात पडू नकोस. शीक, मोठ्या कंपनीत लाग. १९६० नंतरच्या तेजीत हा सल्ला बरोबरच होता. मुलगा टोकियोला गेला, पगारदार झाला, पन्नाशीला आला. आता बाप पंच्याहत्तरचा झाल्यावर त्याने गावी येऊन टोफूचं दुकान चालवायचं? त्याच्या बायकोची नोकरी, मुलांची शाळा, घराचा हप्ता, सगळं तिकडे.

जपानकडे यावर एक जुना तोडगा होता. ‘मुकोयोशी’, म्हणजे जावयाला दत्तक घेणं. मुलगा नाही किंवा मुलगा लायक नाही, तर मुलीसाठी हुशार माणूस शोधायचा, तो घराण्याचं आडनाव लावतो आणि गादी सांभाळतो. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या रस्त्यावर फिरतंय. मारुतीच्या गाडीमागचे ओसामू सुझुकी जन्माने मात्सुदा होते. सुझुकी घराण्यात लग्न करून ते सुझुकी झाले, १९५८ मध्ये कंपनीत आले, १९७८ मध्ये अध्यक्ष झाले. त्यांच्या आधीचे त्यांचे सासरेही संस्थापकांचे जावईच! ओसामूंनी पुढे आपल्या जावयालाच वारस म्हणून तयार केलं होतं, पण ते २००७ मध्ये वारले. शेवटी २०१५ मध्ये मुलगा तोशिहिरो अध्यक्ष झाला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ओसामू गेले, त्यानंतर आपल्या सरकारने त्यांना पद्मविभूषण दिलं.

मोटार कंपनीला असा जावई मिळतो. खेड्यातल्या सोया सॉसवाल्याला कोण मिळणार? जिथे लग्नंच कमी होतायत, एकुलती एक मुलं आहेत, तिथे दुसऱ्याचं आडनाव लावून दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसायला मुलगा आणायचा कुठून?

आणि आता खरी गोम. तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मुलगा तयार असला तरी बाप त्याला बसवायला घाबरतो. कारण गल्ल्याबरोबर एक कागदही जातो, बँकेचं हमीपत्र.

जपानमध्ये छोटी कंपनी कर्ज घेते तेव्हा मालकाने वैयक्तिक हमी द्यायची, ही वर्षानुवर्षांची रीत. म्हणायला कंपनी मर्यादित जबाबदारीची, पण कंपनी बुडली तर मालकाचं घर, ठेवी सगळं जाणार. पूर्वी तर मालकाचा भाऊ, मित्र, सासरा यांच्याही सह्या घेत. बाप निवृत्त झाला की मुलाची सही, आणि कित्येकदा बापाचीही जुनी सही तशीच चालू. एका कर्जावर दोन पिढ्या अडकलेल्या. (आपल्याकडे वेगळं काय आहे? तुमच्या कॅश क्रेडिटचे कागद काढून बघा, कोणाकोणाच्या सह्या आहेत ते.)

या सहीची किंमत किती ते जपानला १९९८ मध्ये कळलं. आदल्या वर्षी मोठ्या वित्तसंस्था कोसळल्या होत्या, बँकांनी कर्जं आखडती घेतली. त्या वर्षी देशातल्या आत्महत्या ३० हजारांच्या वर गेल्या आणि पुढे २०११ पर्यंत, सलग चौदा वर्षं, त्याखाली आल्याच नाहीत. त्यात अर्थातच सगळे व्यावसायिक नव्हते. पण कर्जात रुतलेले मध्यमवयीन मालक त्यात बरेच होते. जामीन राहिलेल्या नातेवाइकांना तोंड कसं दाखवायचं, हा त्यातला मोठा भाग. काही सावकारी कंपन्या तर कर्जदाराच्या आयुष्यावर स्वतःच्या नावाने विमा काढून ठेवत. २००६ मध्ये हे चव्हाट्यावर आलं आणि आत्महत्येवर पैसे मिळतील असा विमा सावकारांनी काढायला कायद्याने बंदी आली. वाचून मी लॅपटॉप बंद केला होता, खरं सांगतो.

उत्तर जपानमध्ये अकिता नावाचा प्रांत आहे. तांदूळ, बर्फ, आणि बरीच वर्षं देशातलं आत्महत्येचं सर्वांत जास्त प्रमाण. तिथे हिसाओ सातो नावाचे एक व्यावसायिक होते. २००० मध्ये त्यांचा व्यवसाय बुडाला, ते स्वतः नैराश्यात गेले. मग त्यांच्या ओळखीतल्या एका उद्योजकाने जीव दिला. सातोंनी २००२ मध्ये ‘कुमो नो इतो’ नावाची संस्था काढली. अर्थ, कोळ्याचा धागा. याच नावाची अकुतागावा या लेखकाची एक गोष्ट जपानमध्ये लहान मुलांनाही माहीत असते. त्यात नरकात पडलेल्या माणसासाठी भगवान बुद्ध वरून कोळ्याचा एक धागा सोडतात. तर ही संस्था करते काय? धंद्यात अडकलेल्या मालकांना समोर बसवून, घाई न करता, त्यांचं ऐकून घेते. मग कागद बघते. वकील लागला तर वकील, डॉक्टर लागला तर डॉक्टर गाठून देते. धंदा वाचवायचाच असा आग्रह नाही, आधी माणूस वाचवायचा. सातोंना दिवाळखोरी स्वतः ठाऊक होती, त्यामुळे समोरच्याला लाज वाटायचं कारण उरत नसे. पुढच्या काही वर्षांत अकितातल्या व्यावसायिकांच्या आत्महत्या कमी झाल्या. देशाचा आकडाही उतरत २०२४ मध्ये २० हजारांच्या थोडा वर आला.

(तुमच्यापैकी कोणी अशा अवस्थेत असेल तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. हिशेब नंतर करू.)

सरकारनेही हळूहळू हमीला हात घातला. २०१४ पासून बँकांसाठी मार्गदर्शक नियम आले: कंपनीचा आणि घरचा पैसा स्पष्ट वेगळा असेल, कंपनी स्वतःच्या बळावर कर्ज फेडू शकत असेल, आणि हिशेब बँकेला वेळच्या वेळी दाखवत असाल, तर वैयक्तिक हमीशिवाय कर्ज देण्याचा विचार करा. मालकाने अगदी गळ्याशी येईपर्यंत न थांबता वेळीच धंदा गुंडाळला, तर त्याच्या हाती काही महिन्यांचा घरखर्च आणि साधं राहतं घर ठेवता येईल, अशीही सोय केली. २०२० पासून बाप आणि मुलगा दोघांचीही हमी घेणं साधारणपणे टाळायचं. मी प्रत्येक बॅचमध्ये ‘घरचा गल्ला आणि दुकानाचा गल्ला वेगळा ठेवा’ म्हणून ओरडतो, ते लोकांना कंटाळवाणं वाटतं. जपानमध्ये त्यावर राहतं घर वाचतंय.

वारस शोधून द्यायला ४७ही प्रांतांत सरकारी केंद्रं आहेत. धंदा सुरू करायचाय पण दुकान नाही असा तरुण, आणि दुकान आहे पण वारस नाही असा म्हातारा, यांची गाठ घालून देतात. आपल्या वधू-वर सूचक मंडळासारखंच, फोटोऐवजी ताळेबंद! तेइकोकू डेटाबँक या संस्थेच्या पाहणीत वारस नसलेल्या कंपन्यांचं प्रमाण २०१७ च्या सुमाराला ६६ टक्के होतं, ते २०२४ मध्ये ५२ टक्क्यांवर आलं. सुधारणा आहे. पण या बाजारात लबाडही शिरलेत. कंपनी विकत घ्यायची, तिच्या खात्यातले पैसे काढून घ्यायचे, जुन्या मालकाची हमी रद्द करतो म्हणून सांगायचं आणि करायची नाही. म्हातारा सत्तरीत निवृत्त होतो आणि घरावर जप्ती येते. अशी प्रकरणं २०२४ मध्ये तिथे गाजली.

शटर पडल्यावर गल्लीचं काय होतं

तिथली पारंपरिक बाजारपेठ म्हणजे ‘शोतेनगाई’. स्टेशनपासून निघालेली गल्ली, बऱ्याचदा वर छप्पर, दोन्ही बाजूंना मासळीवाला, भाजीवाला, चपलांचं दुकान, चहाचं दुकान. आता लहान शहरांत अशा गल्लीला लोक ‘शट्टर-दोरी’ म्हणतात, शटरांचा रस्ता. दुपारी बारा वाजता दोन्हीकडे बंद शटरं.

मला प्रश्न पडला होता, बंद तर बंद, भाड्याने का देत नाहीत? उत्तर साधं आहे. खाली दुकान आणि वर किंवा मागे घर. म्हातारा-म्हातारी तिथेच राहतात. दुकान भाड्याने दिलं तर अनोळखी माणूस रोज घरात. पेन्शन येतेय, पैशाची निकड नाही. आणि घर पाडावं तर कर वाढतो, कारण राहतं घर असलेल्या छोट्या जागेवर मालमत्ता कराचा आधार एक षष्ठांश धरतात. म्हणून शटर खाली आणि आत टीव्ही चालू.

गिऱ्हाईक आधीच गेलं होतं, हेही खरं. १९७४ पासून तिथे मोठ्या दुकानांवर बंधनं घालणारा कायदा होता. मोठं दुकान काढायचं तर स्थानिक दुकानदारांशी बोलणी, आणि ती वर्षानुवर्षं चालायची. अमेरिकेने व्यापाराच्या वाटाघाटीत यावर दबाव आणला. १९९२ च्या जानेवारीत नारा प्रांतातल्या काशिहारा गावात टॉइज आर असचं दुकान उघडलं, तेव्हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश स्वतः हजर होते. खेळण्याच्या दुकानाला राष्ट्राध्यक्ष! २००० मध्ये तो जुना कायदाच रद्द झाला. गावाबाहेर, मोठ्या पार्किंगची दुकानं आली. गाडी असलेल्यांची चंगळ झाली.

मग गाडी चालवणारे म्हातारे झाले.

जपानी भाषेत ‘काइमोनो नानमिन’ असा शब्द आहे, खरेदी-निर्वासित. रोजचं सामान आणायला जवळ दुकान नाही आणि गाडी चालवता येत नाही अशी माणसं. शेती मंत्रालयाच्या संशोधन संस्थेने मोजलं: ६५ च्या वरचे, खाण्याच्या वस्तूंचं दुकान ५०० मीटरहून लांब, आणि गाडी वापरणं अवघड. २०२० मध्ये असे ९० लाख लोक निघाले. दर चार ज्येष्ठांमागे एक. हे फक्त डोंगराळ खेड्यांत नाही, टोकियो-ओसाकाच्या जुन्या वसाहतींतही आहे. पाचशे मीटर म्हणजे आपल्याला काहीच नाही. पण ऐंशीच्या बाईला पाच किलो तांदूळ घेऊन चढावर पाचशे मीटर चालायला सांगा. मग ती तांदूळ कमी आणते, मासळी सोडते, डबाबंद खाते.

शिकोकू बेटावरच्या तोकुशिमा शहरात २०१२ मध्ये यावर एक धंदा उभा राहिला, ‘तोकुशिमारू’. छोट्या ट्रकमध्ये शीतकपाट, सुमारे ४०० प्रकारचा माल, मासे-भाजीसकट. गाडी चालवणाऱ्याची स्वतःची. माल जवळच्या सुपरमार्केटचा, न खपलेला संध्याकाळी परत. सुरुवातीला प्रत्येक वस्तूवर १० येन जास्त घ्यायचे, गाडी दारात येते म्हणून. आठवड्यातून दोनदा ठरल्या वेळी गाडी येते. आता देशभरात हजारावर गाड्या आहेत. माझ्यातल्या दुकानदाराला त्यांचे दोन नियम ऐकून आधी हसू आलं. पहिला, गिऱ्हाइकाला जास्त विकायचं नाही. आजी परवाचं दही फ्रिजमध्ये असताना पुन्हा दही उचलत असेल तर चालक सांगतो, राहू द्या. विक्रेत्याने ‘घेऊ नका’ म्हणायचं! पण तो दोन दिवसांनी परत त्याच दारात येणार आहे, हे लक्षात घेतलं की गणित कळतं. आजी ठरल्या वेळी बाहेर आली नाही तर तो दार वाजवतो, आणि गरज पडली तर पुढे कळवतो.

दुसरा नियम असा की जुनं छोटं दुकान चालू असेल तर त्याच्या ३०० मीटरच्या आत गाडी थांबवायची नाही. त्या म्हाताऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तोडायचं नाही. तो आहे तोवर ती जागा त्याची. तो बंद झाला की तिथे गाडीचा नवा थांबा होऊ शकतो, आणि तसे थांबे आता भरपूर आहेत.

माझ्या स्लाइडवर कोंगो गुमीचा फोटो अजून आहे. शेजारी आता त्या ट्रकचाही लावलाय. पुढच्या व्हिडिओत कर्जाच्या हमीपत्रातल्या ओळी एकेक करून वाचणार आहोत, तेव्हा आपापले कागद शोधून ठेवा. आणि घरी विचारून ठेवा, जामीन म्हणून नेमकी कोणाची सही आहे.